घाटातली टूर: शेवटच्या चढाआधी काय काय घडून जातं

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत डोंगरी टप्पा असला की बरेच जण शेवटचा तासभर तेवढा बघतात. कोण कोणाला सोडून पळाला, पिवळी जर्सी राहिली का गेली, एवढं कळलं की टीव्ही बंद. पण शेवटच्या घाटात जो गळपटतो, त्याची घसरण बहुतेक वेळा दोन घाट आधीच सुरू झालेली असते. कॅमेऱ्याला ती तोवर दिसत नाही, इतकंच. तेव्हा हा लेख त्या आधीच्या तीन-चार तासांबद्दल, आणि कॅमेरा जिथे क्वचित जातो त्या शेपटाबद्दल.

ज्यांना शर्यतीची मांडणी ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. २१ टप्पे, मध्ये दोन विश्रांतीचे दिवस, संघात आठ जण (२०१७ पर्यंत नऊ असायचे). सगळ्या टप्प्यांची बेरीज करून ज्याचा वेळ सर्वांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. घाटांच्या पाच श्रेणी: चौथी सर्वांत सोपी, पहिली अवघड, आणि त्याहून वरचे घाट 'श्रेणीबाहेरचे'. श्रेणीबाहेरच्या घाटाच्या माथ्यावर पहिला येणाऱ्याला डोंगराच्या जर्सीसाठी २० गुण, पहिल्या श्रेणीला १०, दुसरीला ५, तिसरीला २, चौथीला १. ही लाल ठिपक्यांची जर्सी १९७५ मध्ये आली. डोंगराचा किताब मात्र १९३३ पासूनचा. श्रेणी ठरवतात आयोजक. लांबी आणि चढ बघतातच, पण तो घाट टप्प्यात कुठे येतो हेही बघतात. त्यामुळे श्रेणीच्या आकड्यावर फार विसंबू नये. ८ टक्के एकसारखा चढ आणि ४ टक्के-१२ टक्के असा उसळणारा चढ यांची सरासरी एकच निघते, पायांना मात्र ते दोन वेगळे घाट असतात.

आता ताकदीचा हिशेब. सायकलपटू ६४ किलोचा, सायकल, कपडे, बूट आणि बाटली मिळून ९ किलो, एकूण ७३. आठ टक्क्यांच्या चढावर ताशी २० किलोमीटरने जायचं तर साधारण ३७० वॅट लागतात. त्यातले ३१५ च्या आसपास निव्वळ वजन वर उचलण्यात जातात, तीसेक हवा कापण्यात, उरलेले टायर आणि साखळीच्या घर्षणात. म्हणजे किलोमागे ५.८ वॅट, आणि तेही चार तास सायकल मारून झाल्यावर. एक किलो जास्त असेल तर चाळीस मिनिटांच्या चढात पंचवीस-तीस सेकंद जातात. घाट सुरू व्हायच्या आधी बाटल्या टाकून देतात त्या याचसाठी: भरलेली अर्ध्या लिटरची बाटली अर्ध्या किलोच्या जरा वर भरते. सायकलीचं वजन मात्र आणखी उतरवता येत नाही, कारण यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या नियमाने ती ६.८ किलोच्या खाली चालत नाही.

मग हवेचा खर्च जर तीसच वॅट असेल, तर घाटात दुसऱ्याच्या चाकामागे बसून मिळतं काय? वारा पडलेला असेल तर दहा वॅट. ३७० मध्ये दहा म्हणजे जवळपास तीन टक्के, आणि सगळे आपापल्या टोकाला पोचलेले असताना तीन टक्के खूप झाले. पण खरी गंमत वाऱ्याची आहे. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा आला की त्याच वेगासाठी हवेचा खर्च ३० वरून १२० वर जातो. अशा वेळी एकट्याने पळणारा स्वतःची कबर खणतो आणि मागचे आरामात येतात. माँ व्हाँतू या डोंगरावर शॅले रेनार या ठिकाणाच्या वर, शेवटचे सहा किलोमीटर झाड नाही, आडोसा नाही, नुसता पांढरा दगड. तिथला हल्ला टिकणार का, हे पायांइतकंच वाऱ्याच्या दिशेवर ठरतं. २०१६ मध्ये तर वाऱ्यामुळे टप्प्याचा शेवटच शिखरावरून शॅले रेनारला आणावा लागला. गर्दी तेवढ्याच रस्त्यात दाटली, पुढची मोटारसायकल अडकली, तिच्यावर क्रिस फ्रूम आणि आणखी दोघे आदळले आणि पिवळ्या जर्सीतला फ्रूम सायकलीविना पळत सुटला. त्या दिवशीच्या वेळा पंचांना नंतर दुरुस्त कराव्या लागल्या.

संघाचं काम इथेच कळतं. घाटात पुढे बसून ओढणारा साथीदार केवळ वारा अडवत नाही, तो वेग इतका चढा ठेवतो की हल्ला करणाऱ्याला आपल्या मर्यादेच्या बराच वर जावं लागावं. याची उलटी खेळी म्हणजे दोन नेते असलेल्या संघाने एकाच माणसावर आळीपाळीने तुटून पडणं. २०२२ चा अकरावा टप्पा त्या दृष्टीने पुन्हा बघण्यासारखा आहे. युम्बो-व्हिस्मा संघाच्या प्रिमोझ रॉग्लिच आणि योनास व्हिंगेगार्ड यांनी गॅलिबिए घाटाच्या वाटेवर पिवळ्या जर्सीतल्या तादेई पोगाचारवर पाळीपाळीने हल्ले केले. पोगाचारने प्रत्येकाला स्वतः उत्तर दिलं. त्यांचा साथीदार वाउट व्हान आर्ट आधीच पुढच्या पळालेल्या गटात पेरलेला होता, म्हणजे दरीत ओढायला ताजा गडी तयार. गॅलिबिएच्या माथ्यापर्यंत पोगाचार सर्वांत ताकदवान दिसत होता. मग कॉल दु ग्रानाँ आला: ११.३ किलोमीटर, सरासरी ९.२ टक्के, माथा २,४१३ मीटरवर. तिथे व्हिंगेगार्डने एकच हल्ला केला आणि पोगाचारने २ मिनिटं ५१ सेकंद गमावली. उंचीचाही त्यात वाटा असतो. २,४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांश उरतो. मर्यादेच्या वर मारलेला प्रत्येक झटका फेडायला खाली जेवढा वेळ लागतो, त्याहून कितीतरी जास्त वर लागतो.

खाणं

माझ्या मते डोंगरी टप्प्यात सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट हीच. अशा दिवशी ५,००० ते ७,००० किलोकॅलरी जळतात. शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा चारपाचशे ग्रॅम, म्हणजे २,००० किलोकॅलरींच्या आतबाहेर. आरामाच्या वेगात चरबी बराच भार उचलते, पण ३७० वॅटला ती पुरी पडत नाही. तिथे कार्बोहायड्रेटच लागतात. म्हणून हल्ली तासाला ९० ते १२० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात घालतात. आतडं नुसतं ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषू शकतं, फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. त्यामुळे दोन्ही मिसळतात, बहुधा १ ला ०.८ या प्रमाणात. व्यवहारात तासाला १२० ग्रॅम म्हणजे ६० ग्रॅम विरघळवलेली एक बाटली आणि तीस-तीस ग्रॅमची दोन जेल (दाट साखरी पाकाच्या पुड्या). पहिल्या दोन तासांत चावून खायचं: भाताच्या छोट्या वड्या फॉइलमध्ये गुंडाळून दिलेल्या असतात. शेवटी शेवटी फक्त जेल आणि पाणी.

हे कागदावर सोपं आहे. अडचण वेळेची येते. चढावर फुप्फुसं भरात असताना घास गिळता येत नाही, उतारावर हात मोकळे नसतात. खायला खरी जागा म्हणजे दोन घाटांमधली दरी आणि चढाचा सुरुवातीचा हलका भाग. आणि पळून जाणारा गट तयार होईपर्यंत पहिला तासभर घोळक्यात जी हाणामारी चालते, त्यात खायचं राहूनच जातं. तासाभरात ९० ग्रॅम राहिले तर पुढच्या तासात २१० घेऊन ते भरून निघत नाहीत. आतड्याचं दार तेवढंच असतं. जबरदस्ती केली तर पोटात नुसतं साचतं, मळमळतं, उलटी होते. उन्हात हे आणखी लवकर होतं, कारण रक्त पायांकडे आणि कातडीकडे गेलेलं असतं, पोटाच्या वाट्याला थोडं. म्हणून गरम दिवशी बाटलीतलं मिश्रण पातळ ठेवतात आणि मानेवर बर्फ भरलेले पायमोजे लावतात.

दुसरी अडचण नियमाची. शेवटच्या २० किलोमीटरमध्ये सर्वसाधारणपणे गाडीतून खाणं घेता येत नाही. २०१३ मध्ये आल्प द्युएझच्या चढावर फ्रूमची साखर उतरली, साथीदार रिची पोर्ट गाडीकडे जाऊन जेल घेऊन आला, आणि दोघांना २० सेकंदांचा दंड झाला. फ्रूमकडे तेव्हा मिनिटांची आघाडी होती. दंड भरून जेल घेणं हाच शहाणा सौदा होता.

खाणं लागलं नाही तर काय होतं ते २०२३ च्या सतराव्या टप्प्यात दिसलं. कॉल द ला लोझ हा २,३०४ मीटरचा घाट. वरचा भाग सायकलींसाठी बांधलेल्या अरुंद वाटेचा, चढ कुठे सौम्य तर कुठे वीस टक्क्यांच्या वर. त्या दिवशी आधी पडलेला पोगाचार तिथे रेडिओवर आपण संपलो म्हणून सांगून मोकळा झाला आणि व्हिंगेगार्डच्या मागे पावणेसहा मिनिटांनी पोचला. अशा उसळत्या चढावर लय सापडत नाही, आणि रिकामा झालेला माणूस दुसऱ्याच्या चाकाला धरूनही राहू शकत नाही.

दाते आणि साखळी

गिअरचा हिशेब घरबसल्या करता येतो. पुढे ४० दात्यांची चकती, मागे ३४ दात्यांचं चक्र: पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.४७ मीटर पुढे जाते. मिनिटाला ९० फेरे धरले तर ताशी १३.३ किलोमीटर. पूर्वीच्या ३९-२५ वर त्याच वेगाला ६८ फेरे पडायचे, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर आणि मांडीवर जास्त जोर. दहा टक्क्यांच्या चढावर मागे पडलेला स्प्रिंटर (सपाटीवरच्या शेवटच्या झेपेचा तज्ज्ञ) नेमका याच वेगाने जात असतो, त्यामुळे मोठ्या मागच्या चक्राचा फायदा नेत्यापेक्षा त्याला जास्त.

गिअर बदलताना गडबड होते ती जोर लावलेला असताना. उभं राहून झेप घेतली, त्याच क्षणी पुढचा गिअर बदलला, मागचं चाक उसळलं, साखळी सैल पडली की ती दात्यांवरून उतरते. २०१० मध्ये पोर्ट द बालेस घाटावर पिवळ्या जर्सीतल्या अँडी श्लेकची साखळी हल्ला करतानाच उतरली. अल्बर्टो कोंटाडोर निघून गेला आणि त्याने त्या दिवशी ३९ सेकंद कमावली. पॅरिसमध्ये टूरचं अंतर नेमकं ३९ सेकंदांचंच निघालं. (पुढे उत्तेजकाच्या प्रकरणात कोंटाडोरचं विजेतेपद गेलं आणि ते श्लेकला मिळालं, ती गोष्ट वेगळी.) साखळी आत पडू नये म्हणून चौकटीला लावायची एक छोटी पट्टी मिळते, वजन काही ग्रॅम. ग्रॅम वाचवायला ती काढणं हा माझ्या मते निव्वळ वेडेपणा. घाटात घोळका फुटलेला असतो, संघाची गाडी कितीतरी मागे अडकलेली असते, आणि दोन गटांतलं अंतर कमी असेल तर पंच गाड्यांना मध्ये येऊच देत नाहीत. जवळच्या साथीदाराची सायकल घेणं हाच मग जलद उपाय. त्यासाठीच नेत्याच्या उंचीचा एक जण शक्यतो त्याच्या आसपास ठेवतात. निदान आज सायकल बदलता तरी येते. १९१३ मध्ये तुर्मॅले घाट उतरताना युजेन क्रिस्तोफचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुबेळका) मोडला, तेव्हा तो सायकल खांद्यावर घेऊन डोंगर उतरला, खालच्या गावातल्या लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या हाताने तो जोडला, आणि भाता एका पोराने हलवला म्हणून वर दंडही झाला.

शेपटाची शर्यत

पुढे सहा जण भांडत असताना मागे साठ-सत्तर जण एकत्र चाललेले असतात. याला ग्रुपेटो म्हणतात. त्यांची शर्यत घड्याळाशी. विजेत्याच्या वेळात ठरावीक टक्के मिळवून वेळेची मर्यादा काढतात. टप्पा किती अवघड आणि विजेत्याचा सरासरी वेग किती, यावर टक्के ठरतात. विजेता पाच तासांत आला आणि मर्यादा १२ टक्के असेल तर ३६ मिनिटं, १८ टक्के असेल तर ५४. त्यानंतर येणारा घरी.

आता गणित घाला. आठ टक्क्यांच्या चढावर पुढचे ताशी २० ने, ग्रुपेटो १४ ने. किलोमीटरला ३ मिनिटं विरुद्ध ४ मिनिटं १७ सेकंद. चौदा किलोमीटरच्या एकाच घाटात अठरा मिनिटं गेली. असे दोन घाट ३६ ची मर्यादा खाऊन टाकतात. म्हणून ग्रुपेटोत अनुभवी माणूस लागतो. चढावर तो एकसारखा वेग ठेवतो, कोणी ताकद दाखवायला लागला तर ओरडतो, कारण गट फुटला तर दरीत ओढायला माणसं कमी पडतात. वेळ परत मिळवायचा तो उतारावर आणि सपाटीवर: जड माणसं उताराला जोरात जातात, आणि साठ जणांनी आळीपाळीने ओढलं तर सपाटीवर पुढच्या थकलेल्या सहा जणांपेक्षा वेग सहज जास्त पडतो. सर्वांत धोक्याची परिस्थिती म्हणजे टप्प्याच्या सुरुवातीलाच घाट. ग्रुपेटो जमायच्या आधीच जो एकटा सुटतो, त्याला दरीत कोणी वाली नसतो.

लांब टप्प्यापेक्षा आखूड टप्पा या लोकांना जास्त मारतो, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. आखूड टप्प्यात पुढचे पहिल्या किलोमीटरपासून पळतात, आणि विजेत्याचा वेळ कमी म्हणून मर्यादेची मिनिटंही कमी. २०११ मध्ये गॅलिबिएवर संपलेल्या टप्प्यात ८८ जण मर्यादेबाहेर आले. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझला जाणाऱ्या जेमतेम ११० किलोमीटरच्या टप्प्यात पुन्हा ८२. जवळपास निम्मी शर्यत घरी पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून पंचांनी त्यांना ठेवून घेतलं, पण हिरव्या जर्सीच्या (ती गुणांवर मिळते) गुणांतून दोन्ही दिवशी वीस-वीस कापले. मार्क कॅव्हेंडिश त्यात होता. तरी ती जर्सी शेवटी त्यानेच जिंकली. गट मोठा असला की पंच नरमतात, हे ग्रुपेटोतल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. एकत्र राहण्याचं तेही एक कारण.

उतार

माथ्यावर सायकलपटू वाऱ्याचं जाकीट घालताना दिसतात ते नीट बघा. घामाने भिजलेला माणूस ताशी ७०-८० ने वीस मिनिटं खाली जाणार असतो. जाकीट घातलं नाही तर खाली पोचेपर्यंत बोटं बधिर, ब्रेकवरचा अंदाज गेलेला, आणि पुढच्या चढाला पाय थंड. पण ते घालायला दोन्ही हात सोडावे लागतात. नेमकं तेव्हाच पुढचा कोणी जोर लावतो आणि पन्नास मीटरची फट पडते. म्हणून हुशार गडी माथ्याच्या दोनशे मीटर आधी, वेग कमी असतानाच बाही चढवतो.

ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना मारायचा आणि वळणात शिरताना सोडायचा. सतत हलका दाबून ठेवला तर डिस्क तापते, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि पकड जाते. रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेलाच घासणाऱ्या) काळात हीच उष्णता टायरपर्यंत जायची आणि चिकटवलेल्या टायरचा गोंद मऊ व्हायचा. २००३ मध्ये गॅप शहराकडे उतरताना वितळलेल्या डांबरावर होसेबा बेलोकीची सायकल सरकली, टायर रिममधून निघाला आणि मांडीचं हाड, कोपर आणि मनगट मोडलं. आता २८ ते ३० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर आणि पाचेक बारच्या आतली हवा. पाऊस असेल तर आणखी थोडी कमी. आडव्या दांडीवर बसून छाती हँडलवर टेकवायची पद्धत यूसीआयने एप्रिल २०२१ पासून बंद केली. तिचा वेग मोठा होता, पण त्या अवस्थेत ब्रेक आणि वळण दोन्हींवरचा ताबा निम्मा होतो.

उतार हे काहींचं हत्यारच असतं, आणि ते हत्यार ऐनवेळी काढून घेतलं जाऊ शकतं. २०१९ चा एकोणिसावा टप्पा तीन्य या गावी संपायचा होता. २,७६४ मीटरच्या इझेराँ घाटावर एगन बर्नालने हल्ला केला आणि पिवळ्या जर्सीतला जुलियान अलाफिलिप दोन मिनिटांहून जास्त मागे पडला. अलाफिलिप उताराला वाघ. खाली जाताना काही वेळ भरून निघेल या आशेवर तो झेपावला. पण पलीकडे व्हाल दिझेरजवळ गारांचा थर साचला होता आणि रस्त्यावर दरड आली होती. टप्पा मध्येच थांबवला. वेळा इझेराँच्या माथ्यावरच्या धरल्या, टप्प्याचा विजेता जाहीरच केला नाही, आणि पिवळी जर्सी बर्नालला गेली. दुसऱ्या दिवशीचा १३० किलोमीटरचा टप्पाही दरडींमुळे कापून ५९ वर आणला.